घरशाळा: तयार संच, शार्लट मेसनची पद्धत की बालभारती?

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या दोन तरुण आयांनी गेल्या महिन्यात मला वेगवेगळ्या वेळी एकच प्रश्न विचारला, "ताई, मुलांना घरीच शिकवायचं जवळजवळ ठरलंय, पण अभ्यासक्रम कुठला घेऊ?" गेली सहा वर्षं मी माझ्या दोन मुलांना घरी शिकवतेय. त्या अनुभवावरून एक गोष्ट आधीच सांगते. अभ्यासक्रम निवडताना सगळे मुलाकडे बघतात, आईकडे कोणी बघत नाही. सकाळी डबा करणारी, सासूबाईंच्या गोळ्या वेळेवर देणारी, रात्री नऊला भिंतीला पाठ टेकणारी बाई कुठला अभ्यासक्रम वर्षानुवर्षं चालवू शकेल, हे आधी बघा.

परदेशातून येणाऱ्या ख्रिस्ती संचांपैकी एसीई, म्हणजे ॲक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन, हा बऱ्याच जणींच्या कानावर असतो. 1970 मध्ये अमेरिकेत टेक्सासला त्याची सुरुवात झाली. प्रत्येक विषयाच्या वर्षाला 12 पुस्तिका असतात, त्यांना पेस म्हणतात. आधी चाचणी घेऊन मूल कुठे कच्चं आहे ते शोधायचं आणि तिथूनच सुरू करायचं. मूल स्वतः वाचतं, रिकाम्या जागा भरतं, उत्तरं ताडून बघतं. शेवटच्या परीक्षेत साधारण 80 टक्के मिळाले तरच पुढची पुस्तिका. वचनांचं पाठांतर त्यातच येतं. मांडीवर तान्हं बाळ असेल किंवा अर्धवेळ नोकरी असेल, तर हा मोठाच आधार आहे, कारण आईला वेगळी तयारी करावी लागत नाही. गणितातले खड्डे भरून काढायलाही ही पद्धत चांगली.

पण मूल दिवसभर इंग्रजीत वाचतं आणि एकेका शब्दात उत्तर देतं. हिशेब डॉलरमध्ये, इतिहास अमेरिकेचा. मराठी कुठेच नाही. आजीबरोबर प्रार्थनेला बसल्यावर ज्या मुलाला मराठी बायबलचा अध्याय अडखळत वाचावा लागतो, त्याचं काहीतरी मोलाचं हातातून निसटतंय असं मला मनापासून वाटतं.

दुसरी वाट शार्लट मेसनची. या इंग्लंडमधल्या शिक्षिका (1842–1923), स्वतः श्रद्धावंत ख्रिस्ती. त्यांच्या पद्धतीत पाठ छोटे असतात, लहान मुलांसाठी पंधरा-वीस मिनिटांचे. पुस्तकं जीव ओतून लिहिलेली निवडायची, नुसती माहिती कोंबलेली नकोत. रोज थोडा वेळ बाहेर, झाडापाखरांची चित्रं काढायची वही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कथन: एकदाच वाचायचं, मग मुलानं ते आपल्या शब्दांत सांगायचं. मध्ये टोकायचं नाही, प्रश्न विचारून गोंधळवायचं नाही. या पद्धतीवर बेतलेला ॲम्ब्लसाइड ऑनलाइन हा अभ्यासक्रम इंटरनेटवर फुकट मिळतो, पण त्यातली पुस्तकं इंग्रजी आहेत आणि बरीचशी इंग्लंड-अमेरिकेच्या मातीतली. ती यादी जशीच्या तशी उचलू नका. पद्धत घ्या, पुस्तकं आपली घ्या.

कथन म्हणजे काय, ते आमच्या स्वयंपाकघरातलंच सांगते. मी भाकऱ्या थापत होते आणि नऊ वर्षांचा धाकटा ताटात तांदूळ निवडत होता. लूकच्या पंधराव्या अध्यायातली हरवलेल्या नाण्याची गोष्ट मी नुकतीच वाचून दाखवली होती. तो सांगायला लागला. बाईनं दिवा लावला, घर झाडलं, नाणं सापडलं, शेजारणींना बोलावलं. मग हात थांबवून म्हणाला, "आई, त्या सगळ्या आल्या म्हणजे तिनं चहापाणी केलंच असणार. सापडलेलं नाणं त्यातच संपलं असेल. तरी तिला आनंद झाला?" मी काही बोलले नाही, तवा उतरवून त्याच्याकडे बघत राहिले. रिकामी जागा भरायला दिली असती तर त्यानं 'नाणं' एवढंच लिहिलं असतं.

तिसरा पर्याय आपल्या डोळ्यांसमोरचाच, बालभारतीची पुस्तकं. पीडीएफ फुकट, भाषा आपली, आणि आपण स्वतः त्यातूनच शिकलोय. आजोबा, मावशी, शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी, कोणीही एक धडा घेऊ शकतं. दहावीला बोर्डाची परीक्षा द्यायची असेल तर वेगळी तयारी फारशी उरत नाही. उणीव म्हणजे धड्याखालचे ठरावीक प्रश्नोत्तर, आणि बायबलची शिकवण अर्थातच आपली आपण द्यायची. ही उणीव मला जड वाटत नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना शिकवायला सांगितलंय. त्यासाठी छापील पुस्तिका लागत नाही.

माझा कौल मिश्र वाटेला आहे: गणित, विज्ञान, भूगोल बालभारतीतून, वाचन मेसनच्या पद्धतीनं, पण मराठीत, आणि त्याच्या मध्यभागी मराठी बायबल. मूल बारा-तेरा वर्षांचं झालं की ख्रिस्तपुराणातल्या ओव्या मोठ्यानं वाचा. ते लिहिणारे फादर स्टीफन्स इंग्लंडचे, तरी गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी मराठी निवडली आणि ते पुराण 1616 मध्ये छापलं गेलं. एवढा ठेवा असताना मुलांना तो उसन्या भाषेतूनच का द्यायचा? तयार संच मी बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या वर्षासाठी राखून ठेवीन, तोही गणित आणि इंग्रजीपुरता.

पहिल्या वर्षी मी घरात शाळाच थाटली होती. फळा, घंटा, नऊ ते तीन तासिका. तिसऱ्या महिन्यात माझा आवाज बसला आणि मुलगी वही दिसली की रडायची. आता अभ्यास सकाळी अडीच-तीन तास. गणित यांच्याकडे, रात्री जेवणानंतर. बुधवारी मंडळीतल्या दुसऱ्या घरची मुलं आमच्याकडे किंवा आमची तिकडे. त्या दिवशी एका आईला तरी श्वास घ्यायला मिळतो. एकटीनं हे ओढू नका, कुणीतरी सोबत शोधाच.

'आपल्याला जमेल का' असं वाटलं की मी पंडिता रमाबाईंच्या आईची आठवण काढते. लक्ष्मीबाईंना शाळा नव्हती. त्यांना नवऱ्यानं, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, घरीच संस्कृत शिकवलं. दिवसभर घरकामातून सवड नसे, म्हणून त्या लेकीला पहाटे उजाडण्याआधी मायेनं उठवून शिकवायच्या. त्याच मुलीनं पुढे केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं आणि संपूर्ण बायबल मराठीत आणलं.

आता घरचे विचारतात त्या दोन गोष्टी. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षेची तरतूद नाही. घरशिक्षणाचा त्यात स्पष्ट उल्लेखही नाही. म्हणून जन्मदाखला, आधार आणि मुलाच्या कामाच्या तारीखवार वह्या नीट ठेवा.

दहावीसाठी मुख्य रस्ते दोन. सतरा नंबरचा फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा खासगी विद्यार्थी म्हणून देता येते, पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. त्यामुळे मूल काही इयत्ता शाळेत शिकलं असेल तर तो दाखला जिवापाड जपा. जे मूल कधीच शाळेत गेलं नाही त्याला एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, सोपं. वयाची 14 वर्षं पूर्ण हवीत, किमान पाच विषय, त्यात एक तरी भाषा, आणि मराठी माध्यमही आहे. वर्षातून दोनदा परीक्षा होतात, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळत असल्यानं एकेक विषय सोडवत जाता येतं. घाबरट मुलाला हे फार मानवतं. पुढे डॉक्टर व्हायचं असेल तर एनआयओएसच्या विद्यार्थ्यांना नीटलाही बसता येतं. केंब्रिजची आयजीसीएसई ही तिसरी वाट, पण तिचा खर्च मोठा आणि परीक्षा घेणारी शाळा आपणच शोधायची असते. परदेशी शिक्षण डोळ्यांसमोर नसेल तर तिच्यामागे लागू नका.

मूल अजून शाळेत असेल तर नाव काढायची घाई नको. मे महिन्यात तीन आठवडे काढा: एक आठवडा संचाची नमुना पुस्तिका, एक आठवडा नुसतं वाचन आणि कथन, एक आठवडा पुढच्या इयत्तेची बालभारती. रोज रात्री वहीत दोनच ओळी लिहा, आज मूल स्वतःहून काय बोललं आणि आज तुम्ही किती थकलात. मग ती वही नवऱ्यासमोर ठेवा आणि दोघं मिळून प्रार्थनेला बसा.