ठाण्यातलं कोर्ट नाक्याजवळचं टायपिंगचं दुकान : पाचपैकी चार तारे

दुकानाला नाव नाही. पाटीवर 'झेरॉक्स, लॅमिनेशन, मराठी-इंग्रजी टायपिंग' एवढंच, आणि तेही 'लॅमिनेशन'मधला ल उडालेला. जिल्हाधिकारी कार्यालयाकडून कोर्ट नाक्याकडे चालत आलात की वकिलांच्या टेबलांच्या मागच्या गल्लीत. दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, भिंतीला लेजर पेपरचे गठ्ठे आणि गिऱ्हाइकासाठी प्लॅस्टिकच्या तीन खुर्च्या. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. साठी ओलांडलेली, चष्मा कपाळावर.

मी घोडबंदर रोडला राहते. सोसायटीच्या मागे एक आरएमसी प्लांट आहे, म्हणजे तयार काँक्रीट बनवून मिक्सरच्या गाड्यांतून पाठवणारा कारखाना. रात्री दोनला मिक्सर मागे घेतानाचं टूं-टूं आता झोपेतही ऐकू येतं. बाल्कनीतल्या तुळशीची पानं रोज फडक्याने पुसावी लागतात, दुपारपर्यंत पुन्हा राखाडी. एमटीएनएलमध्ये उभी हयात गेली, २०२०च्या जानेवारीअखेर व्हीआरएस घेतली. त्यामुळे सरकारी पत्र आपल्याला लिहिता येतं, असा माझा पक्का समज होता. चार पानी निवेदन हाताने लिहून नेलं होतं. 'गलथान कारभार', 'डोळ्यांवर कातडं ओढून बसलेली यंत्रणा', सगळा दारूगोळा भरलेला. वाटलं, टाइप करून घ्यायचं की झालं.

भाऊंनी पेन्सिल हातात घेऊन चारही पानं वाचली. मग विचारलं, "ताई, यात मागणी कुठाय?"

मी शेवटची ओळ दाखवली : तरी आपण योग्य ती कारवाई करावी, ही विनंती.

"योग्य काय ते तेच ठरवणार ना मग? योग्य ती कारवाई केली आहे, असं महिन्याने कळवतील. तुम्ही काय करणार?"

यावर मला बोलता आलं नाही. सांगायला लाज वाटते, पण नोकरीत असताना गिऱ्हाइकांच्या तक्रारींना मी स्वतः हेच उत्तर पाठवलेलं आहे.

मसुदा तपासून देण्याचे ते दीडशे रुपये घेतात, टायपिंग पानाला चाळीस, झेरॉक्स दोन. दीडशे मला आधी जास्त वाटले होते. त्या दीडशेत माझ्या चार पानांचं एक पान झालं आणि बाकीच्या मजकुरातून आणखी दोन वेगळी पत्रं निघाली. भाऊंचा हिशेब असा : आधी माहिती, मग तक्रार, मग आमदार. तिघांची गाठ एका पत्रात बांधली की तिघंही ते दुसऱ्याकडे ढकलतात.

पहिला माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात तो एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, हे मला ठाऊकच नव्हतं. माझा एकटा 'विषय'च चाळीस शब्दांचा होता. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प त्यांनी ड्रॉवरमधून काढून चिकटवला. मागितलं काय, तर प्लांट चालवायला प्रदूषण नियंत्रण मंडळाने हवा कायदा, १९८१च्या कलम २१ खाली दिलेल्या संमतीपत्राची प्रत, अटींसकट. तीस दिवसांची मुदत असते, एकोणतिसाव्या दिवशी पत्र आलं. चौदा पानं, पानाला दोन रुपये, अठ्ठावीस रुपये भरून उचलली. त्यात आच्छादन, पाणी मारणं, गाड्यांची चाकं धुऊनच बाहेर सोडणं, सगळं लिहिलेलं. दोन वर्षं आम्ही ज्यासाठी बोंबलत होतो ते मागायची गरजच नव्हती. कागदावर होतंच.

दुसरं पत्र त्या अटींवर बोट ठेवून. शेजारच्या जोशींनी ऑनलाइन मागवलेलं हवा मोजायचं यंत्र सोबत नेलं होतं, त्यात पीएम १०, म्हणजे हवेतली बारीक धूळ, दीडशेच्या वर दिसत होतं. देशाचं मानक चोवीस तासांच्या सरासरीला १०० मायक्रोग्रॅमचं, म्हणून मी तो आकडा ठळक टायपात टाकायला सांगितला. भाऊंनी विचारलं, "यंत्राचं प्रमाणपत्र आहे? नाही? मग काढा. एका आकड्यावर शंका काढतील आणि अख्खं पत्र बाजूला ठेवतील." त्याऐवजी एकवीस दिवसांची डायरी लावली. तारीख, वेळ, किती मिक्सर चाकं न धुता बाहेर पडले, सोबत फोटो. कलम ३१-अ खाली मंडळाला प्लांट बंद ठेवण्याचे, अगदी वीज-पाणी तोडण्याचेही निर्देश देता येतात, हे एका ओळीत. शेवटी दप्तर दिरंगाईचा २००५चा कायदा : फाईल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. ही ओळ ते प्रत्येक पत्राला लावतात, पापडासारखी.

खरा उपयोग तिसऱ्या पत्राचा झाला. भाऊंचं म्हणणं, "तुमचा प्लांट उद्या ऐकेल आणि परवा कासारवडवलीत दुसरा उभा राहील. मग तिथल्या ताई येतील माझ्याकडे. माझा धंदा चालेल, तुमचं काय?" म्हणून आमदारांना पत्र, आणि त्यात आमच्या प्लांटचं नाव फक्त उदाहरणापुरतं. मागणी अशी की राज्यातल्या प्रत्येक आरएमसी प्लांटने संमतीपत्रातल्या अटी फाटकाबाहेर मराठीत लावाव्यात आणि धुळीचे आकडे रस्त्यावरून वाचता येतील असे दाखवावेत, असा आदेश शासनाने काढावा. आमदार हे तारांकित प्रश्नात घेऊ शकतात, मग मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि वर उपप्रश्न येतात. अतारांकितला नुसतं लेखी. विषय तातडीचा असेल तर लक्षवेधी सूचना, म्हणजे मंत्र्यांचं त्या विषयाकडे सभागृहातच लक्ष वेधायचं. यातलं काय मागायचं ते पत्रातच लिहायचं, आणि अधिवेशन सुरू व्हायच्या बरंच आधी नेऊन द्यायचं. नागपूरची गाडी पकडून साहेब निघाल्यावर दिलेलं पत्र म्हणजे वरातीमागून घोडं.

हे सगळं त्यांना कुठून कळलं? टाइप करून करून. २०१८च्या मार्चमध्ये राज्याने प्लॅस्टिकबंदी काढली आणि जूनच्या २३ तारखेपासून दंड सुरू झाला, पहिल्या वेळेला पाच हजार. त्या तीन महिन्यांत जांभळी नाक्यावरचे दुकानदार रोज इथे रांगेत, असं ते सांगतात. दंड सुरू झाल्यावर आठवडाभरातच किराणा मालाच्या वेष्टनाला सूट मिळाली. "त्यांच्या पत्रात शिव्या नव्हत्या," भाऊ म्हणाले. "नियमाच्या कुठल्या खंडातले कुठले शब्द बदलायचे, तेवढंच."

इथेच माझा एक तारा गेला. तिसऱ्या फेरीला गेले तर शेजारच्या कॉम्प्युटरवर एका बांधकाम साहित्यवाल्यांच्या संघटनेचं निवेदन चाललं होतं. धुळीच्या नियमांना मुदतवाढ द्या, म्हणून. तक्ता, परिशिष्ट, सगळं व्यवस्थित, माझ्या पत्रापेक्षा चार पटीने चांगलं. मसुदा अर्थात भाऊंनीच तपासलेला. मी तोंड पाडून बसले. त्यांना कळलं असावं, कारण चहा सांगितला, पण सारवासारव केली नाही. "इथे सगळ्यांचं टाइप होतं, ताई. तुमचं त्यांना दाखवत नाही, त्यांचं तुम्हाला दाखवत नाही. तुम्ही मान वाकडी करून वाचलंत, ते वेगळं." हे न्यायाला धरून आहे, मान्य. तरी मला ते पटलं नाही आणि अजून पटत नाही. संघटनेकडे पत्र न्यायला पगारी माणूस आहे. मी ठाणे स्टेशनपर्यंत मेट्रोच्या खांबांमधून बसने तासभर हेलपाटत येते.

दुसरी कुरबुर फॉण्टची. भाऊ अजून श्रीलिपीत टाइप करतात. छापून छान दिसतं, पण तीच फाईल मी मंत्र्यांच्या कार्यालयाला ईमेल केली, तर मोबाइलवर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी उघडली. युनिकोडमध्ये हवं असेल तर सुरुवातीलाच सांगा, त्यांचा मुलगा करून देतो. आणि शुद्धलेखन एकदा स्वतः तपासा. माझ्या पत्रात 'प्रदूषण' तीनदा पहिल्या उकाराने पडलं होतं.

सेवा मात्र फक्त टायपिंगवर संपत नाही. प्रती किती काढायच्या, पोच कुठल्या प्रतीवर घ्यायची, आवक बारनिशीच्या, म्हणजे आलेली पत्रं नोंदवून घेणाऱ्या खिडकीवर जेवणाच्या सुट्टीआधी जायचं की नंतर, हे ते न विचारता सांगतात. एका कार्यालयात माझ्या प्रतीवर शिक्का मारून दिला, पण क्रमांक घातला नव्हता. भाऊंनी तसंच परत पाठवलं मला, उन्हात. क्रमांक मिळाला.

त्यानंतर प्लांटवाल्यांनी चाकं धुवायचा हौद बांधलाय. गाड्या त्याच्या बाजूने जातात. डायरी चालू आहे. आमदारांच्या कार्यालयातून 'विषय घेतला आहे' असा फोन आला. कशात घेतला ते विचारायला पुढच्या आठवड्यात जाणार आहे.

जाणाऱ्यांसाठी : यूपीआय चालतं, सुटे नेलेले बरे. पेनड्राइव्ह नेऊ नका, त्यांच्या मशीनमधला व्हायरस घरी येतो. दुपारी दीड ते अडीच शटर अर्धं खाली असतं. आत भाऊ डबा खात असतात, ते वाजवू नका.