लोणारची एका दिवसाची गाईडेड सहल: काही महिन्यांनी केलेला हिशेब

आधी निकाल सांगून टाकते. छत्रपती संभाजीनगरहून लोणार एका दिवसात आरामात होतं आणि पैसेही वसूल होतात. फक्त तिथल्या उल्केने झालेल्या विवराच्या तळापर्यंत तुम्हाला कोण नेतं आणि किती वाजता नेतं, यावर सगळा दिवस ठरतो. आम्ही गेल्या हिवाळ्यात एका टूरवाल्याकडे पैसे भरून ग्रुपबरोबर गेलो. नंतर स्वतःच्या गाडीनेही जाणं होत राहिलं, कधी सासू-सासऱ्यांना घेऊन तर कधी भाचरांना. गाईड मात्र दर वेळी लोणारचाच घेतला. सहलीहून परतल्याच्या रात्री लिहायला बसले असते तर 'एसी छान, नाश्ता गरम, ड्रायव्हर सभ्य' एवढं टाकून पाच तारे देऊन मोकळी झाले असते. आता एसी कसा होता ते आठवतही नाही.

पॅकेज साधारण सगळ्यांचं सारखंच असतं. सकाळी सातला टेम्पो ट्रॅव्हलर, समृद्धी महामार्गावरून जालन्याच्या पुढे, वाटेत सिंदखेड राजा, मग लोणार, जेवण, संध्याकाळी परत. अंतर एका बाजूने दीडशे किलोमीटरच्या आसपास. समृद्धी झाल्यापासून कमरेचे हाल वाचलेत हे खरं, पण त्या रस्त्यावर चहा आणि स्वच्छतागृह हवं तेव्हा मिळत नाही. निघण्यापूर्वीच काय ते उरकून घ्या, विशेषतः बायकांनी.

कागदावर आठ ठिकाणं होती. एवढी ठिकाणं दिसली की माणूस खूश होतो, आम्हीही झालो. त्या यादीत शेवटी बारीक अक्षरात 'कमळजा देवी मंदिर (वेळ उरल्यास)' असं होतं. ही ओळ नीट वाचा, कारण कमळजा मंदिर विवराच्या आत, पाण्याच्या काठाशी आहे. म्हणजे तळाशी उतरणं हे 'वेळ उरल्यास'मध्ये घातलंय आणि हायवेवरच्या हॉटेलातला नाश्ता मात्र पक्का. आमच्या दिवशी त्या नाश्त्यालाच चाळीस मिनिटं गेली. बारा जणांना बारा वेगळ्या गोष्टी हव्या होत्या.

सिंदखेड राजाबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवांचा राजवाडा, त्यांची समाधी. ही जागा अर्ध्या तासात 'करायची' नाहीच. आम्ही दरवाज्यातून आत गेलो, फोटो काढले आणि शिट्टी वाजली. स्वतःच्या गाडीने जात असाल तर तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवा. आणि १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, या रस्त्याने लोणारचा बेत करू नका. त्या दिवशी तिथे माणसांचा महापूर असतो.

आता मुख्य मुद्दा. लोणारला काठावरून खाली पाहिलं की पहिली पाच मिनिटं माणूस गप्प होतो. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं गोल विवर, काठापासून पाणी सुमारे १३७ मीटर खाली, आणि सभोवार झाडीचं कडं. सहाव्या मिनिटाला सेल्फी सुरू होतात आणि पंधराव्या मिनिटाला कोणीतरी विचारतं, 'आता पुढे काय?' गाईड नसेल तर लोणार इथेच संपतं. वरून दिसतं ते एक गोल तळं. ते तळं तिथे का आहे, हे तिथल्या दगडांना हात लावल्याशिवाय कळत नाही.

आमच्याबरोबर गाडीत आलेले 'टूर मॅनेजर' म्हणजे हजेरी घेणारे गृहस्थ. खरा गाईड लोणारमध्ये गाडीत चढला. तिशीचा मुलगा, खांद्याला कापडी पिशवी, बोलणं अस्सल वऱ्हाडी. उतरणीवर त्याने आम्हाला एका कड्यापाशी थांबवलं. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर साधारण आडवे असतात, हे आपण घाटात पाहतोच. इथे ते थर विवराच्या बाहेरच्या बाजूला कलंडलेले होते. 'आतून धक्का बसला, म्हणून कडा वर उचलली गेली अन् बाहेर झुकली,' एवढंच तो बोलला आणि आम्हाला बघत उभं राहू दिलं. त्या दोन मिनिटांत माझ्या दहावीतल्या भाच्याला जे कळलं ते पुस्तकातल्या आकृतीतून कळलं नव्हतं.

तो चांगला गाईड होता, पण सगळंच खरं सांगत होता असं नाही. 'हे जगातलं तिसऱ्या नंबरचं विवर' हे वाक्य लोणारमध्ये तुम्हाला चहावालाही ऐकवेल. ते सोडून द्या. आपल्याच देशात मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातलं ढाला विवर याच्या कितीतरी पट मोठं आहे, आणि मेक्सिकोतलं चिक्शुलुब तर दीडशे किलोमीटरांच्या वर आहे. लोणारचं मोठेपण आकारात नाहीच. बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हाच्या खडकात, उल्का आदळून झालेली विवरं पृथ्वीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, त्यातलं हे सर्वांत सुस्थितीत राहिलेलं. चंद्रावरचे काळसर डाग आणि मंगळावरची बरीचशी जमीनही बेसाल्टची, म्हणून तिकडच्या विवरांचा अभ्यास करणारे इथे येतात. हे कोणी नीट सांगितलं तर 'तिसरा नंबर' लागतच नाही.

तशीच दुसरी गोष्ट 'उल्का अजून खाली गाडलेली आहे' ही. इतक्या वेगाने आदळणारा दगड बहुतेक वितळून आणि वाफ होऊन जातो, अख्खा गोळा खाली शिल्लक राहत नाही. मोठ्या मारुतीच्या देवळाजवळ होकायंत्राची सुई फिरते, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. गाईडकडे शाळेच्या प्रयोगशाळेतलं असतं तसं साधं होकायंत्र होतं. फोनमधलं वापरू नका, कव्हरच्या चुंबकानेच ते गोंधळतं. सुई फिरते याचा अर्थ तो दगड चुंबकीय आहे, एवढाच. तो आकाशातून पडला असं त्यावरून सिद्ध होत नाही. हे मी गाईडला म्हटलं तर तो हसून म्हणाला, 'ताई, पब्लिकला तेच आवडते.'

बराच काळ लोक या विवराला ज्वालामुखीचं मुखच समजत. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने याची नोंद केली, पण उल्केचं उत्तर पक्कं व्हायला १९७०चं दशक उजाडलं. बोअर घेऊन काढलेल्या दगडांत मास्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार नावाच्या खनिजाची प्रचंड दाबाच्या धक्क्याने झालेली ही काच. ज्वालामुखीच्या उष्णतेने ती होत नाही. वयाचा घोळ तर आणखी पुढेपर्यंत चालला. आधी साधारण पन्नास हजार वर्षं म्हणत, नंतर आर्गॉनच्या पद्धतीने मोजल्यावर ते ५ लाख ७० हजारांच्या घरात निघालं. गाईडने पन्नास हजार सांगितले तर हुज्जत घालू नका, जुन्या माहितीत तोच आकडा आहे.

आता त्या कापडी पिशवीबद्दल. काठाशी पोचल्यावर त्याने तिच्यातून हळदीची पुडी काढली. बाटलीच्या झाकणात तळ्याचं पाणी घेतलं, चिमूटभर हळद टाकली आणि काडीने ढवळली. पिवळा रंग बघता बघता विटकरी लाल झाला. पुढे कधीतरी सासूबाईंना हेच दाखवलं तर त्या लगेच म्हणाल्या, 'म्हणजे खार आहे पाण्यात. हळदीत चुना घातला की कुंकू होतं तसंच.' बरोबर ओळखलं. इथलं पाणी खारट तर आहेच, पण त्याहून जास्त अल्कधर्मी आहे. पूर्वी इथून खार काढून विकला जायचा, पापडखारासाठीसुद्धा. समुद्राचं पाणी हळदीवर असं कुंकवासारखं चढत नाही. अख्ख्या सहलीत पैसे सर्वांत जास्त वसूल झाले ते या चिमूटभर हळदीत, आणि ती पॅकेजच्या कागदावर कुठेच नव्हती.

काठावरच्या वासाबद्दल आधी सांगून ठेवते. कुजल्यासारखा दर्प येतो, काही जणांना तो सहन होत नाही. पाण्याला हिरवी झाक येते ती सूक्ष्म शेवाळामुळे. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं, तेव्हाचे फोटो तुम्ही पाहिले असतील. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात जगणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव माजले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितलं. आमच्या ग्रुपमधल्या एक काकू ते गुलाबी पाणी बघायलाच आल्या होत्या आणि दिवसभर नाराज होत्या. टूरवाल्याच्या जाहिरातीत अजून तोच फोटो होता. ते धोरण मला पटलेलं नाही.

महिन्या-महिन्यांनी जाण्याचा फायदा म्हणजे तळं बदलताना दिसतं. गेल्या काही वर्षांत पाण्याची पातळी वाढलेली आहे. पहिल्या वेळी ज्या वाटेने कमळजेपर्यंत कोरड्या पायांनी गेलो, ती पावसाळ्यानंतर बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली होती आणि वरून फिरून जावं लागलं. हळदीचा प्रयोगही तेव्हा फिका झाला, रंग चढायला वेळ लागला. गोडं पाणी मिसळलं की खार पातळ होणारच. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणार रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं, नांदूरमधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं. तिथल्या बोर्डावर ते अभिमानाने लिहिलेलं आहे. पण या पाणथळीचं वेगळेपण ज्या खारात आहे तो असाच उतरत गेला तर काय, हे विचारल्यावर गाईड म्हणाला, 'आम्ही पण तेच विचारतो साहेब लोकांना.'

देवळांबद्दल थोडक्यात. विवराच्या आत आणि काठावर जुनी देवळं विखुरलेली आहेत, बरीचशी पडझड झालेली. गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका. बाहेरच्या भिंतीचे ताऱ्यासारखे कोन आणि त्यावरची शिल्पं बघायला उन्हं तिरकी हवीत. लवणासुराला विष्णूने मारलं तो हा दैत्यसूदन, आणि गावाचं नावही त्याच लवणासुरावरून, अशी तिथली कथा. पॅकेजवाले भर दुपारी बारा वाजता तिथे नेतात. त्या वेळी शिल्पांवर सावलीच नसते, सगळं सपाट दिसतं आणि दगड तापलेला असतो. विवराच्या काठाजवळच्या गोमुख या झऱ्याची धार बारमाही आहे. एकीकडे हे खारं तळं आणि कड्यातून उतरणारं गोडं पाणी, हा मेळ मला देवळापेक्षा जास्त थांबवून ठेवतो.

क्रम उलटा हवा, एवढंच माझं म्हणणं आहे. आधी खाली उतरायचं, नऊच्या आत. तेव्हा झाडीत मोर आणि वानरं दिसतात, हिवाळ्यात काठाला पाणपक्षी असतात, आणि चढ चढताना ऊन डोक्यावर नसतं. मग जेवण, मग तिरक्या उन्हात दैत्यसूदन, आणि काठावरचा देखावा अगदी शेवटी. त्यासाठी संभाजीनगरहून पाचला निघावं लागतं किंवा आदल्या रात्री लोणारला राहावं लागतं. टूरवाल्यांना हे सांगून बघितलं. 'एवढ्या सकाळी ग्रुप भरत नाही,' हे उत्तर आलं आणि ते खोटंही नसावं.

गुडघे दुखत असतील तर उतरू नका. खाली जाताना काही वाटत नाही, वर येताना कळतं. सासऱ्यांना आम्ही काठावर आणि गोमुखापाशीच ठेवलं, तिथेच त्यांचा दिवस छान गेला. बूट पक्क्या तळाचे घाला, माणशी दोन लिटर पाणी घ्या, खाली काहीही विकत मिळत नाही. खाण्याच्या पिशव्या हातात मिरवू नका, वानरं झडप घालतात. हे अभयारण्य आहे, त्यामुळे दगड खिशात घालायचे नाहीत. भाच्याने एक काळा चकचकीत खडा उचलला होता, गाईडने बघितलं आणि काही न बोलता फक्त हात पुढे केला. मार्चनंतर दुपारी तिथे जाऊ नये, उन्हाळा विदर्भाचा आहे.

जेवण ठीक. पॅकेजमध्ये पनीर आणि रोटी होती, जी कुठेही मिळते. नंतरच्या खेपेला गाईडने सांगितलेल्या घरगुती खानावळीत ज्वारीची भाकरी, झुणका आणि ठेचा खाल्ला, निम्म्या पैशांत.

बुकिंग करताना फोनवर एकच प्रश्न विचारा: विवरात उतरून परत यायला किती वेळ देणार? अडीच तासांपेक्षा कमी सांगितलं तर स्वतःची गाडी करा आणि पैसे लोणारच्या गाईडला द्या. तो काठावरच्या प्रवेशद्वारापाशी सकाळी भेटतो. किती तास, कुठे-कुठे आणि तळापर्यंत की नुसतं वरून, हे आधी बोलून घ्या म्हणजे नंतर कटकट नको.

आमच्या टूरवाल्याला पाचपैकी अडीच. अर्धा कापलाय तो त्या गुलाबी फोटोसाठी.