मशिनींवर नंबर कोरून घेतला, 4 स्टार, एक स्टार झेडने खाल्ला

माझं फोंड्याजवळ फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, ग्रिल, गेट, पत्र्याच्या शेड असली कामं. पावसाच्या तोंडावर साईटवरनं दोन ग्राइंडर आणि एक हॅमर ड्रिल गेलं. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली आणि मग साधा प्रश्न विचारला, उद्या भंगारवाल्याकडे मशीन सापडलं तर तुमचंच हे कशावरून? निळा ग्राइंडर, वायरीला काळी टेप, एवढंच मला सांगता आलं. तसले निळे ग्राइंडर गोव्यात साईटगणिक दोन तरी असतात. बिल होतं पण त्यावर सिरियल नंबर नाही, आणि मशीनवरचा स्टिकर ग्रीस लागून लागून कधीच कोरा झालेला.

आई म्हणाली, भांड्यांवर नाव घालतात तसं घाल की. खरंच आहे, चतुर्थीला शेजारी गेलेली पातेली आमच्याकडे परत येतात ती काठावरच्या नावामुळेच.

मग बाजारातल्या एका लेझरवाल्याकडे उरलेली सगळी अवजारं घेऊन गेलो. मूळचा ट्रॉफ्या आणि नेमप्लेटवाला. दुपारी 1 ते 4 शटर खाली, हे लक्षात ठेवून जा, मी रिक्षा टेम्पोत मशिनी घेऊन बाहेर बसलो होतो. पण काम जाणणारा पोरगा. मी म्हटलं ग्राइंडरवर पंच (हातोड्याने ठोकायचा अक्षरांचा ठसा) मारून टाक, तर सरळ नाही म्हणाला, हेडचं ॲल्युमिनियम ओतीव असतं, हातोडा बसला तर तडा जाईल. पंच फक्त जॅक आणि चेन पुलीच्या हुकाच्या पट्टीवर मारला, हुकावर नाही. बाकी लेझरने. आधी भंगार पत्र्यावर एक ओळ काढून दाखवली, जरासा जळका वास आला आणि बारीक काळी अक्षरं, नखाने खरवडून बघितली, जात नाहीत. प्लास्टिक बॉडीवर मात्र गरम सुईने काढलं, ते ओबडधोबड झालंय पण घासून काढायला गेलं तर खड्डा दिसणारच.

काय कोरायचं यावर माझं मत, नाव नको. साईच्या नावाची वर्कशॉप फोंड्यातच किती! मोबाईल नंबर बदलतो. मी जीएसटी नंबर घातला, गोव्याचा 30 ने सुरू होतो, 15 अक्षरं, आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की लॉगिन न करताच धंद्याचं नाव येतं, म्हणजे मशीन मडगावात सापडो की बेळगावात, हातात असलेला माणूस मोबाईलवर बघू शकतो. त्यात पॅन नंबर येतो हे सीएने सांगितल्यावर जरा दचकलो, पण तो आपण रोज बिलावर छापतोच.

आता कापलेला स्टार. या नंबरात शेवटून दुसरं अक्षर बहुतेक झेड असतं. मी चिठ्ठीवर हाताने लिहिलेलं, त्याने 2 वाचलं आणि चार मशिनींवर 2 कोरला. अक्षर माझंच घाणेरडं, मान्य, पण कोरायच्या आधी एकदा वाचून दाखवायला काय हरकत होती? नंतर बाजूला पुन्हा काढून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण दोन्ही नंबर आता शेजारी शेजारी दिसतात. व्हॉट्सॲपवर टाईप करून पाठवा.

यूव्ही पेन पण विकत होता, एरवी न दिसणारी शाई, नोटा तपासायच्या दिव्यात दिसते म्हणाला. ऑफिसातल्या लॅपटॉपला ठीक असेल, माझ्याकडे थिनरच्या एका पुसण्यात साफ झालं.

घरी येऊन प्रत्येक मशीनचा नंबरासकट फोटो काढला आणि बिलाच्या फोटोबरोबर मेलवर टाकून ठेवला, कारण सापडलेला मुद्देमाल कोर्टातून सोडवताना मालकी दाखवावीच लागते. परांचीच्या पाइपांना लेझर फुकट, सिमेंट बसलं की काही दिसत नाही, त्यांच्यावर मी स्वतःच वेल्डिंग रॉडने अक्षरं उठवतोय, आतापर्यंत चाळीस झाले.