मिश्रणांच्या विलगीकरणाचा शालेय प्रयोगसंच: साहित्य भरवशाचे, पुस्तिका मात्र अपुरी

मिश्रणातील घटक भौतिक पद्धतींनी वेगळे करणे हा माध्यमिक शाळेतील रसायनशास्त्राचा पाया आहे आणि तो फळ्यावरच्या आकृत्यांवर भागवणे मला कधीच पटलेले नाही. म्हणूनच दीड हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारा एक तयार प्रयोगसंच मी नववीच्या वर्गात वापरून पाहिला. नरसाळे, गाळणकागद, चंचुपात्रे, चिनी मातीचे बाष्पनपात्र, विलगकारी नरसाळे, स्पिरिटचा दिवा, तिवई, चुंबक आणि मीठ, वाळू, लोहकीस, नवसागर (अमोनियम क्लोराइड), तुरटी यांच्या पुड्या असा त्याचा ऐवज आहे. काचेची भांडी जाड बुडाची नसून खरोखर उष्णता सहन करणारी आहेत, हे आधीच नोंदवतो, कारण स्वस्त संचांत नेमकी तिथेच काटकसर केलेली असते.

या संचातील सर्वांत मोलाचा प्रयोग म्हणजे लोहकीस, वाळू, मीठ आणि नवसागर यांचे चौघटकी मिश्रण. येथे पद्धती माहीत असून भागत नाही, त्यांचा क्रम ठरवावा लागतो. प्रथम चुंबकाने लोहकीस काढायचा, मग उरलेले मिश्रण बाष्पनपात्रात तापवून वर उलटे नरसाळे ठेवायचे व त्याच्या नळीच्या तोंडाशी कापसाचा बोळा बसवायचा. नवसागराची पांढरी भुकटी नरसाळ्याच्या आतल्या बाजूला जमू लागते आणि पात्रात मीठ व वाळू राहतात. त्यानंतर पाणी घालून ढवळायचे, गाळायचे आणि गाळलेले द्रावण आटवून मीठ परत मिळवायचे. हाच क्रम उलटा करून कोणी आधी पाणी घातले, तर मीठ आणि नवसागर दोन्ही एकाच द्रावणात जातात, लोहकीस ओला होऊन वाळूला चिकटतो आणि सोपे काम विनाकारण अवघड होऊन बसते. विद्यार्थ्याने प्रत्येक घटकाचा कोणता गुणधर्म इतरांहून वेगळा आहे हे शोधून क्रम स्वतः लावावा, यातच या प्रयोगाचा सगळा कस आहे. दुर्दैवाने पुस्तिकेने पहिल्याच पानावर क्रमांक घालून सगळ्या पायऱ्या छापल्या आहेत. मी ते पान काढून ठेवले आणि मुलांना फक्त मिश्रण व साहित्य दिले. वर्गात जी चर्चा झाली ती छापील क्रमाने कधीही झाली नसती.

पुस्तिकेतील दोन गोष्टी शास्त्रीयदृष्ट्याही दुरुस्त व्हायला हव्यात. नवसागराचे संप्लवन, म्हणजे स्थायूने न वितळता थेट वायूरूप होणे, तिने निव्वळ भौतिक बदल म्हणून सांगितले आहे. प्रत्यक्षात तापवल्यावर नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या वायूंमध्ये विघटन होते आणि थंड पृष्ठभागाशी ते पुन्हा संयोग पावून नवसागर बनतो. वेगळे करण्याची युक्ती म्हणून प्रयोग उत्तमच आहे, पण विद्यार्थ्याला हा खुलासा मिळायला हवा, आणि खिडक्या उघड्या ठेवण्याची सूचनाही ठळक अक्षरांत हवी. दुसरी बाब मिठाच्या स्फटिकांची. गरम संपृक्त (आणखी मीठ विरघळू शकत नाही असे) द्रावण थंड करून मिठाचे स्फटिक मिळवावेत असे पुस्तिका सांगते, परंतु १०० ग्रॅम पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ३६ ग्रॅम आणि १०० अंशांना सुमारे ३९ ग्रॅम मीठ विरघळत असल्यामुळे द्रावण थंड केल्यावर हाती फारसे काही लागत नाही. तुरटीची विद्राव्यता तापमानाबरोबर झपाट्याने वाढते, म्हणून तिचे स्फटिक थंड करून सुरेख मिळतात. तुरटीची पुडी संचात आहेच, केवळ सूचना चुकीच्या पुडीकडे बोट दाखवते. विषारी मोरचुदाऐवजी (कॉपर सल्फेट) मुलांच्या हाती तुरटी दिली, ही निवड मात्र शहाणपणाची आहे.

विलगकारी नरसाळ्याची तोटी घट्ट बसते व गळत नाही. तेल आणि पाणी यांचे थर स्पष्ट दिसतात, फक्त तोटी उघडण्यापूर्वी वरचे बूच काढायला हवे, नाहीतर धार मध्येच थांबते. चुंबक उघडाच दिला आहे. तो पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवावा, म्हणजे पिशवी काढून घेताच लोहकीस आपोआप खाली पडतो. एरवी तो खरवडत बसावे लागते.

क्रोमॅटोग्राफीसाठी, म्हणजे शाईसारख्या मिश्रणातील रंग कागदावर वेगळे करण्यासाठी, कागदाच्या पट्ट्या भरपूर आहेत. तळापासून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ मारून तिच्यावर काळ्या स्केचपेनचा बारीक ठिपका द्यायचा आणि पाण्याची पातळी त्या ठिपक्याच्या खालीच ठेवायची, एवढे सांभाळले की काळ्या शाईतून निळे, गुलाबी, पिवळसर पट्टे वर सरकताना मुले श्वास रोखून पाहतात. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी पानांतील रंगद्रव्ये याच तत्त्वाने वेगळी केली होती आणि विभाजन क्रोमॅटोग्राफी या तिच्या प्रकारासाठी आर्चर मार्टिन व रिचर्ड सिंज या ब्रिटिश शास्त्रज्ञांना १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, हे दोन वाक्यांत सांगितले तरी प्रयोगाला वेगळे वजन येते. पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही.

ऊर्ध्वपातनासाठी (द्रव उकळवून त्याची वाफ थंड करून परत द्रव मिळवण्यासाठी) दिलेली साधी वाकडी नळी मात्र निरुपयोगी आहे. वाफ पुरेशी थंड होत नाही आणि बरीचशी तशीच निघून जाते. शाळेत लीबिग संघनक (भोवती थंड पाणी फिरणारी वाफ थंड करणारी काचनळी) असेल तर तोच वापरावा, थंड पाणी त्याच्या खालच्या तोंडाने आत सोडून वरच्या तोंडाने बाहेर काढावे. संघनक नसेल तर हा एक प्रयोग वगळून बाकी संच शाळेने निःशंक घ्यावा. घरी वापरायचा असल्यास स्पिरिटच्या दिव्याजवळ मोठे माणूस असणे अनिवार्य समजावे, आणि मीठ आटवताना शेवटी ज्योत बारीक करावी, कारण कोरडे होत आलेले मीठ तडतडून बाहेर उडते.