फोर्ड पॉप्युलर 103ई: हॉट रॉड बांधायला आजही घ्यावी का?

ब्रिटनमधल्या हॉट रॉडवाल्यांपुढे, म्हणजे जुन्या गाडीत दणकट इंजिन बसवून ती नव्याने बांधणाऱ्यांपुढे, आवडत्या गाड्यांचा विषय काढला की जॉन डॉड यांच्या 'द बीस्ट'चं नाव निघतंच. 27 लिटरचं मर्लिन विमान-इंजिन, न संपणारं बॉनेट आणि ग्रिलवरून रोल्स-रॉईसने भरलेला खटला! पण ती डोळे भरून पाहायची गाडी. घरच्या गॅरेजमध्ये स्वतः बांधून रस्त्यावर चालवायची म्हटली, तर गप्पा फिरून फोर्ड पॉप्युलर 103ई, म्हणजेच 'पॉप'वर येतात. 1953 ते 1959 या काळात दीड लाखाहून जास्त पॉप बनल्या, आणि त्यातल्या कितीतरी पुढे हॉट रॉड झाल्या.

मूळ गाडी म्हणून पॉप अगदी साधी. 1172 सीसीचं साइडव्हाल्व्ह इंजिन, 30 बीएचपी, तीन गिअर, पुढे-मागे आडव्या पाट्यांची स्प्रिंग, रॉडने ओढले जाणारे ब्रेक, 6 व्होल्टची वायरिंग. वेग जेमतेम ताशी 60 मैल. वायपर एकच, तोही इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा, त्यामुळे चढावर ॲक्सिलरेटर दाबला की पावसात तो मंदावतो. विकत घेताना यातलं काहीच महत्त्वाचं नाही, कारण यातलं जवळपास सगळं काढूनच टाकायचं आहे. महत्त्वाचं आहे ते वजन, साधारण 740 किलो, आणि वेगळी चॅसिस. बॉडी उचलून बाजूला ठेवता येते आणि खालचं काम उभ्याने, नीट दिसेल असं करता येतं. नंतरच्या अँग्लिया 105ईलाही चाहते भरपूर आहेत आणि ती दिसतेही झकास, पण तिथे बॉडी आणि चॅसिस एकच. इंजिन बदलायचं तर पत्र्याच्या सांगाड्याशीच झगडावं लागतं.

पॉपची चॅसिस मात्र 30 बीएचपीसाठी केलेली आहे. रेल, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंच्या लांब तुळया, उघड्या खाचेच्या आणि पातळ. V8चा, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाचा, पीळ बसला की त्या वळतात, मग दारं नीट लागत नाहीत आणि रेलना जोडणाऱ्या आडव्या क्रॉसमेंबरपाशी तडे जातात. उपाय जुनाच आहे: खाचेची उघडी बाजू 3 मिमी पत्र्याने बंद करून रेल पेटीसारखी करायची. वेल्ड सलग ओढू नका. थोडं इकडे, थोडं तिकडे असं टाके घालत जा, नाहीतर उष्णतेने रेल केळीसारखी वाकते. बॉडी उतरवण्याआधी दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा आणि काम चालू असताना कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची तिरकी मापं तपासत राहा.

इंजिनच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे: रोव्हर V8, 3528 सीसी. मूळ ब्युइकचं हे ॲल्युमिनियम इंजिन हलकं आहे. रोव्हरच्या एसडी1 गाडीत ते 155 बीएचपी देत होतं, म्हणजे पॉपच्या मूळ ताकदीच्या पाचपट. पण खरं कारण जागेचं आहे. शेवरलेच्या स्मॉल-ब्लॉकचा डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या मागे असतो आणि पॉपमध्ये तो थेट फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीला, भिडतो. रोव्हरचा डिस्ट्रिब्युटर पुढे आहे, त्यामुळे फायरवॉल कमी कापावी लागते आणि पाय ठेवायची जागा वाचते. अडचण येते ती स्टिअरिंग बॉक्सच्या बाजूला. तिथे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हमखास अडतो, म्हणून इंजिन माउंट वेल्ड करण्याआधी मॅनिफोल्ड आणि स्टिअरिंग कॉलम दोन्ही लावून बघा.

या इंजिनची एक खोड ठाऊक हवी. तेलाचा पंप पुढच्या टायमिंग कव्हरमध्ये आहे, आणि इंजिन बरेच दिवस कोरडं पडलेलं असेल तर तो तेल ओढतच नाही. पंपाचे गिअर उघडून त्यांच्यात व्हॅसलीन ठासून भरा आणि मगच चालू करा. हे टाळलं तर पहिल्याच मिनिटात बेअरिंग जातात. प्रेशर गरम असताना 2400 आरपीएमला 30-35 पीएसआय दिसलं तरी घाबरायचं कारण नाही, या इंजिनचं तेवढंच असतं. व्हाल्व्ह कव्हर काढल्यावर काळा गाळ दिसला तर कॅमशाफ्ट आणि लिफ्टर गेले असं धरूनच भाव करा. कूलंटमध्ये गंजरोधक अँटीफ्रीझ बारा महिने हवंच. साधं पाणी ॲल्युमिनियम खातं. पॉपचं ग्रिल अरुंद असल्यामुळे जाड कोअरचा रेडिएटर आणि त्याला चिकटून बसणारं फॅनचं आवरण घ्या. आवरणाशिवाय नुसता मोठा फॅन लावला तर तो इंजिनकडचीच गरम हवा फिरवत बसतो, आणि ट्रॅफिकमध्ये काटा वर चढतो.

बजेट कमी असेल तर फोर्डचं दोन लिटरचं पिंटो चांगलं आहे. फक्त कॅमशाफ्ट बदलताना तेल फवारणारी नळीही नवी घाला. तिची भोकं बुजली की नवा कॅमही तसाच झिजतो.

सगळ्यात जास्त चुका पुढच्या ॲक्सलला होतात. मूळ आय-बीम (I आकाराच्या छेदाचा ॲक्सल) थोडी पिळली जाते, म्हणून ॲक्सलला पुढे-मागे धरून ठेवणारे त्रिकोणी रेडियस आर्म मधून कापून दोन बाजूंना लावले तरी निभावतं. देखण्या क्रोमच्या ट्यूब ॲक्सलला तेच केलं, की एक चाक उचललं जाताना ट्यूब पिळली जात नाही आणि सगळा ताण ब्रॅकेटवर येतो. तिथे मग तडा जातोच. ट्यूब ॲक्सलला चार-बार जोडणीच हवी, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन समांतर दांडे. आडवी स्प्रिंग शॅकलवर डावी-उजवीकडे सरकते, म्हणून स्टिअरिंग आडव्या लिंकचं असेल तर ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा पॅनहार्ड रॉड लावा, नाहीतर खड्ड्यात गाडी आपोआप वळल्यासारखी वाटते.

मागे जॅग्वारचं स्वतंत्र सस्पेन्शन ही ब्रिटिश हॉट रॉडची ओळखच होऊन बसली आहे. दिसतंही अप्रतिम! पण जॅग्वार एक्सजे6चा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, साधारण 1490 मिमी आणि पॉपचा 1143, म्हणजे प्रत्येक बाजूने 170 मिमीहून जास्त छाटावं लागतं. त्यात ड्राइव्हशाफ्ट हाच सस्पेन्शनचा वरचा दुवा असल्याने तो आणि खालचा आर्म यांचा मेळ चुकला तर चाकांचा कोन बिघडतो. शाफ्ट कापून जोडायचं काम ते रोज करणाऱ्या वर्कशॉपलाच द्या. ब्रेक डिस्क डिफरन्शियलला लागून असतात, त्यांच्या उष्णतेने ऑइल सील भाजतात, आणि गळलेलं तेल पुन्हा डिस्कवरच येतं. सील बदलायचे तर अर्धं सस्पेन्शन सोडवावं लागतं. रोज वापरायची गाडी असेल तर आमची पसंती फोर्ड कॅप्रीच्या दणकट ॲटलस ॲक्सलला, तोही छाटून. एस्कॉर्टचा हलका ॲक्सल पिंटोला पुरतो, V8ला नाही.

पैसे कुठल्या क्रमाने घालायचे तेही सांगतो. आधी हायड्रॉलिक ब्रेक आणि पुढे डिस्क, मग चॅसिस, मग 12 व्होल्ट वायरिंग आणि विजेवरचा वायपर, आणि इंजिन शेवटी. रंग तर त्याच्याही नंतर.

कागदपत्रांचं काम हलक्यात घेऊ नका. अनेक वर्षं ब्रिटनमध्ये आठ गुणांचा नियम होता, म्हणजे फेरफार केलेल्या गाडीचा मूळ नोंदणी क्रमांक टिकवायला निदान आठ गुण लागायचे: मूळ चॅसिसला 5, इंजिनला 1, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंगला प्रत्येकी 2. ऑगस्ट 2025मध्ये तिथल्या वाहन नोंदणी संस्थेने, डीव्हीएलएने, नियम बदलले, तेव्हा ग्राइंडर हातात घेण्याआधी सध्याचे नियम वाचा आणि बदल कळवा. 40 वर्षांहून जुन्या गाडीला एमओटी, म्हणजे दरवर्षीची सक्तीची तपासणी, माफ असते, पण गेल्या 30 वर्षांत मोठा फेरफार झाला असेल तर नाही. V8 घातलेल्या पॉपची तपासणी दरवर्षी करून घ्यायची. तयार पॉप घेत असाल तर विकणाऱ्याकडे एमओटीचे जुने कागद मागा, नोंदणीपत्रावरचा इंजिन क्रमांक ब्लॉकवरच्या क्रमांकाशी ताडून बघा, आणि टॉर्च घेऊन पुढच्या ॲक्सलच्या ब्रॅकेटखाली वाका. तिथे ताज्या रंगाचा पट्टा दिसला तर त्याखालचा वेल्ड बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.