तपकीर गल्लीतून आणलेला वॅटमीटर: पाच महिने वापरल्यावर

कोथरूडला राहत्या घरातूनच मी पुरणपोळ्या आणि कोरड्या चटण्यांच्या ऑर्डरी घेते. गेल्या गणपतीत विजेचं बिल फुगलं तेव्हा सगळ्यांनी मिक्सरकडे बोट दाखवलं. "दिवसभर घरघर चालू असते त्याची," सासूबाई म्हणाल्या. मलाही ते पटलं, कारण आवाज त्याचाच मोठा. तरी एकदा मोजून बघावं असं मनात होतं. संक्रांत झाल्यावर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जाऊन प्लगमध्ये बसवायचा वॅटमीटर घेतला. साडेनऊशे सांगितले होते, साडेआठशेला दिला. "ताई, सहा अँपिअरचा घेऊ नका, इस्त्रीसुद्धा लावायची भीती वाटेल," असं दुकानातल्या मुलाने सांगितलं आणि सोळा अँपिअरचा हातात ठेवला. हा सल्ला मात्र लाखमोलाचा.

वापरायला सोपा आहे. भिंतीच्या सॉकेटमध्ये मीटर, मीटरमध्ये उपकरणाचा प्लग. पडद्यावर व्होल्ट, त्या क्षणाचे वॅट आणि तोवर खर्च झालेले युनिट दिसतात. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण तासभर चालणं.

पहिला नंबर अर्थात मिक्सरचा. त्यावर 750 वॅट छापलंय, पण भांडं रिकामं फिरवलं तर 180 च्या आसपास. ओली चटणी घातली की साडेतीनशे, सुकं खोबरं आणि लसूण घातलं की पाचशेच्या वर. मोटरला जितका जोर लावावा लागतो तितकीच वीज ती ओढते, हे आकडे चढताना बघून जितकं पटलं तितकं शाळेत कधी पटलं नव्हतं. भांड्याचा बूड आणि चटणी गरम होते तीही त्याच विजेची ऊब. पात्यांच्या फिरण्याचं शेवटी उष्णतेतच रूपांतर होतं. म्हणून मी आता थांबत थांबत वाटते, खोबऱ्याला तेलही कमी सुटतं. ऑर्डरीच्या दिवशी सगळं वाटण मिळून वीस मिनिटं, खर्च 0.15 युनिट. महिन्याला चार युनिटसुद्धा नाहीत.

मग टीव्हीचा सेट टॉप बॉक्स लावला. रिमोटने बंद केलेला, हूं की चूं नाही, तरी पडद्यावर 9 वॅट. दिवसाचे चोवीस तास धरले की महिन्याला साडेसहा युनिट, मिक्सरपेक्षा जास्त! सासूबाईंना चष्मा लावून आकडा दाखवला. त्या दिवसापासून रात्री भिंतीवरचं बटण त्या स्वतः बंद करतात.

तापणाऱ्या वस्तूंची गोष्ट वेगळी. पाण्याच्या इलेक्ट्रिक किटलीत एक लिटर पाणी उकळायला 0.10 युनिट लागलं. पंचवीस अंशांचं लिटरभर पाणी शंभरावर न्यायला हिशेबाने 0.087 युनिट पुरतं, म्हणजे किटलीच्या अंगात आणि वाफेत फारच थोडं गेलं. किटलीचं काम चोख आहे, पण पाणी तापवायलाच मुळात ऊर्जा फार लागते.

गीझरची वायर थेट भिंतीत गेलेली, तिथे हा मीटर चालत नाही. ही त्याची मोठी उणीव. मग घरातलं बाकी सगळं बंद करून मी जिन्याखालच्या महावितरणच्या मीटरपाशी उभी राहिले. आमच्या मीटरवर लिहिलंय की त्याचा लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. अर्ध्या मिनिटात 52 वेळा मोजला, म्हणजे साधारण 1950 वॅट. पंचवीस मिनिटांत 0.8 युनिट! आमचे हे गीझर चालू ठेवून म्हातोबाच्या टेकडीवर फिरायला जायचे. तापलेलं पाणी टाकीत निवायचं आणि गीझर ते पुन्हा तापवायचा. आता आल्यावर लावतात.

फ्रीज सर्वात जास्त दिवस मोजला. त्याच्या स्टार लेबलवर वर्षाला 229 युनिट लिहिलंय, म्हणजे दिवसाला 0.63. जानेवारीत तेवढंच भरलं, मे महिन्यात 0.95. फ्रीज थंडावा तयार करत नाही, आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. खोलीच तापलेली असली की ते काम जड जातं. एकदा घाईत पुरण कोमट असतानाच आत ठेवलं, तर कॉम्प्रेसर जवळजवळ दोन तास थांबलाच नाही. त्याच्या बाजू हाताला गरम लागतात, म्हणून भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलाय.

आता तक्रारी. पडद्याला दिवा नाही, फ्रीजमागे टॉर्च घेऊन वाकावं लागतं. पिना जाड आहेत, छोट्या सॉकेटला चालत नाहीत. आणि रुपये दाखवणारं बटण आहे त्यावर मुळीच विसंबू नका. ते एकच दर धरतं, आपलं घरगुती बिल 100, 300, 500 युनिटच्या टप्प्यांनी चढतं आणि वर स्थिर आकार, वहन आकार वेगळे. युनिट लिहून ठेवा, पैशाचा हिशेब बिल घेऊन करा. गुरुवारी लाइट जाते तेव्हा मात्र आतल्या छोट्या सेलमुळे मोजलेले आकडे पुसले जात नाहीत, हे फार बरं.

मला विचाराल तर अवश्य घ्या, किंवा चार घरांत मिळून एक घ्या. सध्या आमचा मीटर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे त्यांच्या जुन्या फ्रीजला लावलाय. रविवारी परत आला की आमचं वॉशिंग मशीन मोजायचंय, एकदा साध्या पाण्यावर आणि एकदा गरम.