"जैविक आहे, हातमोजे कशाला" म्हणून दिलेल्या बाटलीने मला दवाखाना दाखवला

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं कारण यात माझीच मूर्खपणाची बाजू जास्त आहे, पण परत कुणी फसू नये म्हणून लिहितोय.

पिकावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, खूप वाढला होता. ओळखीतून एक माणूस आला, बोलायला एकदम गोड, म्हणाला बुरशीपासून बनवलेलं शंभर टक्के जैविक औषध आहे, बिव्हेरियाचंच (किडीला मारणारी बुरशी) सुधारित रूप, माणसाला काही होत नाही, मास्क नको ग्लोव्हज नको, काढणीआधी थांबायचीही गरज नाही. समोर झाकणात थोडं ओतून बोट बुडवून जिभेला लावून दाखवलं. आता वाटतं ती बाटलीच वेगळी असणार, पण तेव्हा मी एवढा इम्प्रेस झालो की काय सांगू. वर म्हणाला याच टाकीत बुरशीनाशक मिसळा, दोन कामं एका फेरीत.

इथेच मला कळायला हवं होतं. जे स्वतः जिवंत बुरशी आहे त्यात बुरशीनाशक कसं मिसळणार? मरेल ना ते! पण डोकं चाललं नाही.

टाकीत ओतलं तर पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि रॉकेलसारखा वास. खरं बुरशीचं औषध असं वास मारत नाही, हा वास विद्रावकाचा, म्हणजे रासायनिक औषध तेलकट द्रवात विरघळवलेलं असतं त्याचा. सकाळी फवारलं आणि दुपारी मावा झडलेला. मी खूश. खऱ्या बिव्हेरियाने कीड मरायला काही दिवस लागतात आणि दमट हवा असेल तर मेलेल्या किडीवर पांढरी बुरशी दिसते, इथे तासांत खेळ खलास. फुलांखाली चार-पाच मधमाश्या पण मरून पडलेल्या, ते पाहूनही मी पुढे गेलो.

पाठीवरचा पंप थोडा गळत होता. शर्ट पाठीला ओला चिकटलेला, पण जैविक आहे म्हटल्यावर कोण बदलतंय. तोंडाला रुमाल होता, त्याचा उपयोग शून्य, वाफ आणि बारीक थेंब कापडातून आत जातातच. फवारणीत बहुतेक विष नाकातोंडापेक्षा कातडीतून शरीरात जातं हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी डोकं जड, दरदरून घाम, तोंडात सारखी लाळ, मग उलट्या आणि समोरचं अंधुक. बायकोने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी डोळ्यात टॉर्च मारला, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, आणि पहिला प्रश्न विचारला, "काय फवारलंत? बाटली आणलीय?" भावाने बाटली आणली. लेबल चकचकीत, हिरवं पान, हसरा शेतकरी सगळं होतं, पण आत नेमका कुठला घटक किती टक्के, बॅच नंबर, नोंदणी क्रमांक, विषबाधा झाली तर उतारा काय, यातलं एक अक्षर नाही!!

कपडे काढून साबणाने अंग, केस, नखांखाली सगळं धुतलं. अॅट्रोपीन, म्हणजे अशा विषावरचा उतारा, सुरू केलं, लक्षणांवरून अंदाज बांधून. तोंड नंतर इतकं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटायची. डॉक्टर म्हणाले ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या कीटकनाशकांच्या दोन्ही प्रकारांत लक्षणं अशीच दिसतात, पण अॅट्रोपीनच्या जोडीला दुसरं औषध द्यायचं की नाही हे आत कुठलं विष आहे त्यावर ठरतं. आणि पॅराक्वाटसारखं तणनाशक असेल तर त्याला उताराच नाही, उलट गरज नसताना ऑक्सिजन लावला तर फुप्फुसाला आणखी इजा होते. हे ऐकून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. बाटलीत काय होतं हे मलाच माहीत नव्हतं तर त्यांना काय सांगणार. तिकडे माझा तो शर्ट आईने घरच्या कपड्यांत हाताने धुवायला घेतला होता, नशीब शेजारच्या काकूंनी वेळेत थांबवलं.

आणखी एक लफडं मागे लागलं. आत काय आहे तेच माहीत नाही म्हटल्यावर फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही हे कुठून काढणार? कुणालाच सांगता येईना. तयार झालेला सगळा तोडा खड्डा खणून पुरला, कुणाच्या तोंडात जायला नको.

त्या माणसाचा फोन बंद. बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यावर "औषध १ नग", बॅच नाही, कंपनी नाही, सहीसुद्धा नाही. तक्रार केली तर पहिली मागणी पक्क्या बिलाची आणि सीलबंद बाटलीची. माझ्याकडे दोन्ही नाही. त्यामुळे सील तुटलेलं असेल किंवा बिलावर बॅच लिहायला दुकानदार टाळाटाळ करत असेल तर तिथूनच मागे फिरा, मग तो कितीही ओळखीचा असो.

उरलेली अर्धी बाटली फेकलेली नाही, नाल्यात तर नाहीच. दोन पिशव्यांत बांधून कुलपात ठेवलीय, वर मोठ्या अक्षरात "विष" लिहून. परवा एकाने सांगितलं तोच माणूस परत फिरतोय, आता लेबल निळं आहे म्हणे.